आदामाचं पाप आणि दोन महिन्यांचं बाळ

प्रश्न थोडक्यात असा: "माझं माहेर नवापूरकडचं, अलायन्स या प्रॉटेस्टंट मंडळीतलं. सासर भुसावळचं, कॅथलिक. बाळ दोन महिन्यांचं आहे. सासूबाई म्हणतात, लेकरू आदिपाप घेऊन जन्मलंय, स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) लवकर करा. वडील म्हणतात, लेकरू निष्पाप आहे, मोठं होऊन विश्वास ठेवेल तेव्हा बाप्तिस्मा घेईल. शेजारच्या काकू विचारतात, आदामानं फळ खाल्लं, त्यात या जिवाचा काय गुन्हा? आणि आमचं पहिलं बाळ तिसऱ्याच दिवशी दवाखान्यातच वारलं, बाप्तिस्म्यावाचून. त्याचं काय झालं असेल?"

ताई, तुम्ही सगळ्यात शेवटी जे विचारलंत, त्याचं उत्तर आधी द्यायला हवं. बाकीचे प्रश्न थांबू शकतात, तो थांबू शकत नाही.

तुमच्या सासरची किंवा माहेरची, कोणतीही मंडळी आज असं शिकवत नाही की ते बाळ नरकात गेलं. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या १२६१ व्या परिच्छेदात अशा बाळांना चर्च देवाच्या दयेच्या हाती सोपवतं. लहान मुलांना माझ्याकडे येऊ द्या, हे येशूचे शब्द तिथे आधाराला घेतलेले आहेत. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविद्या आयोगाने याच प्रश्नावर स्वतंत्र दस्तऐवज काढला. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत, असा त्याचा निष्कर्ष आहे. "लिंबो" नावाची जागा जुन्या लोकांच्या बोलण्यात यायची. ती मध्ययुगातल्या पंडितांनी मांडलेली कल्पना होती. चर्चने तिला श्रद्धेचं बंधनकारक सूत्र कधीच केलं नाही. प्रॉटेस्टंट बाजूला १६१८-१९ च्या, नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या सभेने लिहून ठेवलं की बाल्यावस्थेत देवाघरी गेलेल्या लेकरांच्या तारणाविषयी विश्वासू आईबापांनी शंका धरू नये. दाविदाचं बाळ सातव्या दिवशी गेलं तेव्हा तो म्हणाला की मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे परत येणार नाही (२ शमुवेल १२). शोकात बसलेल्या कुटुंबांना पाळक हाच अध्याय वाचून दाखवतात, आणि तो योग्यच आहे. तुम्हाला याउलट कुणी काही सांगितलं असेल तर ती त्या माणसाची समजूत आहे, मंडळीची शिकवण नाही.

आता आदिपापाकडे. कॅथलिक लोक आदिपाप किंवा जन्मपाप म्हणतात, प्रॉटेस्टंट मूळ पाप म्हणतात. घोळ होतो तो "पाप" या शब्दामुळे. मराठीत पाप म्हणजे केलेली गोष्ट. पाप घडतं, फेडावं लागतं, पापाचा घडा भरतो. त्यामुळे "बाळ पाप घेऊन जन्मलं" असं ऐकलं की दोन महिन्यांच्या पोराने काहीतरी केलंय असं वाटतं, आणि मन ते मानत नाही. मानूही नये. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ ४०४ आणि ४०५ या परिच्छेदांत स्पष्ट म्हणतो की हे पाप "केलेलं" नव्हे तर "आलेलं" आहे, ती कृती नसून एक अवस्था आहे, आणि आदामाच्या कुठल्याही वंशजाच्या बाबतीत ते त्याचा वैयक्तिक अपराध नाही. म्हणजे सासूबाईंचं वाक्य त्यांच्याच चर्चच्या ग्रंथाशी लावून बघितलं तर त्याचा अर्थ इतकाच उरतो: देवाशी ज्या जवळिकीत माणसाने जन्मायला हवं होतं, ती जवळीक तुटलेल्या घरात हे बाळ जन्मलं.

वडिलांचंही वाक्य अर्धंच बरोबर आहे. अलायन्स परंपरेच्या विश्वासकथनातसुद्धा माणूस पापी स्वभावासह आणि देवाच्या जीवनापासून दुरावलेला जन्मतो, असंच आहे. त्यांना म्हणायचंय ते बहुधा हे की बाळाने स्वतः काही पाप केलेलं नाही. ते खरं आहे. पण "निष्पाप" म्हणून थांबलं तर बाळाला तारणाऱ्याची गरजच नाही असं होतं, आणि ते त्यांची मंडळीही मानणार नाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिली, बिघाड: स्वभावाचा कल वाकडा होणं, मरण वाट्याला येणं, देवापासून दुरावणं. दुसरी, दोष: त्या बिघाडाबद्दल मला जबाबदार धरलं जाणं. ख्रिस्ती जगात पहिल्या गोष्टीबद्दल जवळजवळ एकमत आहे. सोळाशे वर्षांचा वाद दुसऱ्या गोष्टीचा आहे.

बिघाड वारशाने कसा येतो हे रावेर-यावलकडच्या माणसाला समजवावं लागत नाही. केळीवर हरण्या येतो, पानांवर पिवळे पट्टे पडतात, पोंगा सडतो. तो विषाणू माव्यावाटे पसरतो, तसाच रोगट झाडाच्या मुनव्यातूनही (बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबातूनही) येतो. मुनवा लावला तेव्हा त्याची काही चूक नव्हती, पण रोग त्याच्यात आधीच होता. त्याला कितीही खत-पाणी द्या, आतला विषाणू जात नाही. मूळ पापाबद्दल ख्रिस्ती शिकवणीचा गाभा हा आहे: चांगले संस्कार हे खत-पाणी आहे, ते हवंच, पण आतल्या रोगावर ते औषध नाही. हा दृष्टांत दोन ठिकाणी तुटतो, तेही सांगायला हवं. मुनव्याला इच्छा नसते, माणूस मात्र मोठा होताना त्या वाकड्या कलाला स्वतः होकार देत जातो, आणि तिथून त्याचा खरा दोष सुरू होतो. दुसरं, शेतकरी रोगट झाड उपटून नष्ट करतो. शुभवर्तमानात मालक बाग उपटत नाही.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चची शिकवण साधारण इथेच थांबते. आदामाकडून मरण आणि विकृती आली, त्याचा अपराध आला नाही. स्वित्झर्लंडचा सुधारक झ्विंगली यानेही मूळ पापाला आजार म्हटलं, अपराध नव्हे.

पश्चिमेकडे मात्र हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४ ते ४३०) पुढे गेला. त्याच्यासमोर पेलाजियस या उपदेशकाचा पंथ होता. आदामाने फक्त वाईट उदाहरण घालून दिलं, माणूस मनात आणेल तर पाप न करता जगू शकतो, अशी या पंथाची मांडणी होती. ऑगस्टीनचा सवाल साधा होता: मग आपण तान्ह्या बाळांना पापक्षमेसाठी म्हणून बाप्तिस्मा का देतो? ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेने पेलाजियसची शिकवण फेटाळली. ते योग्यच झालं. पण ऑगस्टीनचा एक आधार कच्चा होता. रोमकरांस पत्र ५:१२ त्याने लॅटिनमधून वाचलं. त्यात "ज्याच्यात सर्वांनी पाप केलं" असा अर्थ निघत होता, म्हणजे आदामाच्या आत आपण सगळे होतोच. मूळ ग्रीकचा सरळ अर्थ "कारण सर्वांनी पाप केलं" असा आहे, आणि मराठी शास्त्रातही तोच अर्थ येतो. म्हणून या एका ओळीवर "बाळ आदामाच्या गुन्ह्यात भागीदार" अशी इमारत उभी करू नका. मात्र ओळ निसटली म्हणजे शिकवणच गेली असंही नाही. त्याच अध्यायाच्या १८-१९ व्या ओव्यांत एकाच्या आज्ञाभंगाने पुष्कळ पापी ठरले आणि एकाच्या आज्ञापालनाने पुष्कळ नीतिमान ठरतील, अशी जोडी आहे. ती जोडी कुठल्याच भाषांतराने जात नाही.

याच जोडीवर सुधारणावादी (रिफॉर्म्ड) प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी दोषाचा वारसा बसवला. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकथनात आदाम-हव्वेचा दोष वंशजांच्या खात्यावर मांडला गेला, असं म्हटलं आहे. पुढे याच परंपरेत आदामाला सगळ्या माणसांचा प्रतिनिधी म्हटलं गेलं. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबाच्या कर्त्यासारखा: कर्त्याने सही केली की घर बांधलं गेलं, सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढला, आणि वारस नोंद होताना जमिनीबरोबर बोजाही आला. काकूंचा आक्षेप नेमका इथे लागतो, आणि तो आक्षेप न्याय्य आहे. आपल्या कायद्यानेही तो मानला: हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासूनच्या कर्जासाठी केवळ पुत्रधर्म म्हणून वडिलांचं देणं मुलावर लादता येत नाही. शास्त्रातही यहेज्केल १८ व्या अध्यायात साफ म्हणतो की मुलगा बापाचा अन्याय वाहणार नाही. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले, ही म्हण यापुढे इस्राएलात म्हणायची नाही, असं तिथे परमेश्वरच बजावतो.

सुधारणावाद्यांचं यावरचं उत्तर वजनदार आहे, ते टाळू नये. ते म्हणतात: दुसऱ्याच्या कृत्याचा परिणाम माझ्या खात्यावर येऊच शकत नाही असं म्हणाल, तर ख्रिस्ताच्या नीतिमत्त्वाचा लाभही तुम्हाला घेता येणार नाही. प्रतिनिधी नाकारायचा तर दोघांनाही नाकारा. माझ्या मते हे पत्र लिहिणाऱ्या पौलाचा रोख पाहिला की वाट सापडते. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचा विषय आदाम नाहीच, ख्रिस्त आहे. आदाम तिथे तुलनेपुरता आणलेला आहे, आणि पौल पुन्हा पुन्हा सांगतो की कृपादान अपराधासारखं नाही, ते कितीतरी पटीने अधिक आहे. लोक हा अध्याय उलटा वाचतात: आधी आदामाचा हिशेब पक्का करतात, मग त्यात ख्रिस्ताला बसवतात. पौल वधस्तंभाकडून मागे बघतो. सगळ्यांसाठी एवढं मोठं औषध आणावं लागलं, तर रोग सगळ्यांनाच होता, असा त्याचा क्रम आहे. बाळाला दोषी ठरवणं हा त्याचा हेतू नव्हता.

काकूंना आणखी एक गोष्ट सांगावी लागेल, कारण त्या बहुधा मूळ पाप म्हणजे प्रारब्ध असं समजत असतील. प्रारब्धात कर्म माझंच असतं, गेल्या जन्मीचं, आणि ते भोगून संपवायचं असतं. ख्रिस्ती शिकवणीत मागचा जन्म नाही, कर्म बाळाचं नाही, आणि भोगून संपवण्याची सोयही नाही. "खाण तशी माती" ही म्हण त्यांना जास्त लवकर पटेल.

इथून पुढचं थोडं कळकळीने लिहितोय, कारण या शिकवणीचा सगळ्यात मोठा गैरवापर याच ठिकाणी होतो. निर्गम २० मधल्या "तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत" या शब्दांवरून पिढीजात शाप शोधणाऱ्या सभा भरतात. घरात आजार आहे, मूल होत नाही, गर्भ टिकत नाही, म्हणजे पूर्वजांच्या पूजेचा शाप आहे. तेल घ्या, रुमाल घ्या, अर्पण द्या, उपास करा. त्याच निर्गमातली पुढची ओळ हजारो पिढ्यांवरच्या दयेची आहे, ती वाचली जात नाही. योहान ९ मध्ये जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न केला: पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूने दोन्ही नाकारलं. नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी निघण्याची शक्यता चारात एक, वाहक निघण्याची चारात दोन. हा जनुकांचा वारसा आहे, पापाचा नाही. अशा घराला शापमुक्तीच्या सभेला पाठवणारा माणूस त्यांची तपासणी लांबवतो, आणि आईच्या डोक्यावर नसलेला अपराध ठेवतो. तुमचं माहेर त्या भागातलं आहे आणि एक बाळ गेलेलं आहे. बाळ कशाने गेलं ते दवाखान्याच्या कागदावर असेल, ते नीट वाचून घ्या. तुम्हा दोघांची सिकलसेल तपासणी झाली नसेल तर सरकारी रुग्णालयात करून घ्या. त्या बाळाच्या जाण्याला सिकलसेल कारण असेल असं मी म्हणत नाही. पुढच्या गरोदरपणासाठी हे माहीत असलेलं बरं, एवढंच. प्रार्थना जरूर करा, पण कारण शोधायला सभेत जाऊ नका.

तारणाबद्दल आता. आपल्या भागात या शब्दाचीही अडचण आहे. जळगावच्या सराफा भागात "सोने तारण कर्ज" अशा पाट्या दिसतात, आणि संडे स्कूलची मुलं विचारतात की येशूने काय गहाण ठेवलं. शास्त्रातलं तारण हे तारून नेण्यातलं, बुडत्याला काठाला लावण्यातलं. "खंडणी" तर आणखी अवघड झाला. मार्क १०:४५ मध्ये येशू आपला जीव खंडणी म्हणून देतो, आणि वर्तमानपत्रातली खंडणी गुंड मागतात. तेव्हाची खंडणी म्हणजे गुलाम किंवा कैदी सोडवायला भरलेली किंमत. ती भरली कोणाला, यावर जुन्या काळी खरंच वाद झाला. काहींनी सैतानाला म्हटलं, नाझियान्झच्या ग्रेगरीने ते ठामपणे नाकारलं. दृष्टांत कैद्याच्या सुटकेचा आहे, पावती कोणाच्या नावे फाडली याचा नाही.

तारण एकाच क्षणाचं मानलं की गोंधळ होतो. पौल ते तिन्ही काळांत बोलतो: तारण झालेलं आहे (इफिस २:८), होत आहे (१ करिंथ १:१८), होईल (रोम ५:९). नवापूरकडच्या मंडळीत पहिल्या काळावर जोर असतो, म्हणून "तुमचं तारण कधी झालं?" असं तारखेसह विचारतात. कॅथलिक माणसाला तो प्रश्नच कळत नाही, कारण त्याच्याकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या काळावर भर असतो. मग एकमेकांना "हे नावाचेच ख्रिस्ती" आणि "हे गर्विष्ठ" अशी लेबलं लागतात. मुळात जुना झगडा नीतिमान ठरण्यावरून होता: देव माणसाला नीतिमान ठरवतो तो ख्रिस्ताचं नीतिमत्त्व त्याच्या नावे मांडून, की त्याला आतून नवं करून? ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग इथे कॅथलिक आणि लुथरन चर्चने संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नव्हे तर केवळ कृपेने आणि ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला नवं करतो, हे दोघांनी एकत्र मान्य केलं. मेथडिस्ट २००६ मध्ये सामील झाले. सगळे भेद मिटले नाहीत, पण "कॅथलिक कर्माने तारण मानतात" हे घरच्या जेवणाच्या पंगतीत तरी बंद व्हायला हवं.

खरी चूक दोन्ही बाजूंच्या गावपातळीवरच्या उपदेशात सापडते. दारू सोडा, तंबाखू सोडा, उपासना चुकवू नका, म्हणजे तारण. हे पेलाजियसचंच म्हणणं आहे. दारू सुटली तर घर वाचतं, ते फार मोठं आहे. पण शास्त्रात ते कृपेचं फळ आहे, कृपेची किंमत नाही. हे उलटं शिकवलं की ज्याची दारू पुन्हा सुरू झाली तो मंडळीतच येणं सोडतो.

आता बाळाचं. तुमचं लग्न कॅथलिक चर्चमध्ये परवानगीने झालं असेल, तर नवऱ्याने मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक पद्धतीने व्हावा म्हणून शक्य ते सर्व करण्याचं वचन दिलेलं असतं, आणि तुम्हाला त्याची कल्पना दिलेली असते. ते आठवून निर्णय घ्या. १९८३ च्या चर्च कायद्याप्रमाणे बाप्तिस्मा जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत करायचा असतो, आणि आई किंवा वडील यांपैकी एकाची तरी संमती लागते. धर्ममाता किंवा धर्मपिता एकच असला तरी चालतो. तो कॅथलिक, दृढीकरण (कन्फर्मेशन) संस्कार झालेला, साधारण १६ वर्षं पूर्ण असलेला हवा. तुमचा भाऊ अलायन्सचा असेल तर तो त्याच्यासोबत साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. हे आधीच फादरांना विचारून ठेवा, नाहीतर ऐनवेळी माहेरची माणसं मागच्या बाकावर बसतात आणि मनात राहतं.

दोघांनी मिळून वडिलांचा मार्ग स्वीकारलात तर मंडळीत बाळाचं समर्पण होतं, लूक २ मध्ये येशूला मंदिरात नेलं तसं. तो बाप्तिस्मा नव्हे, त्यामुळे पुढे बाप्तिस्म्याची वाट मोकळी राहते. करू नये अशी एकच गोष्ट आहे: सासरी स्नानसंस्कार करून पुढे मुलाला माहेरी पाण्यात बुडवून दुसरा बाप्तिस्मा देणं. कॅथलिक चर्चच्या दृष्टीने बाप्तिस्मा एकदाच होतो. अलायन्स मंडळी बालपणीच्या विधीला बाप्तिस्मा धरत नाही. हा पेच मूल पंधरा वर्षांचं झाल्यावर त्याच्या गळ्यात पडतो. आजच दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांना एकत्र बसवून ठरवा आणि मग बदलू नका. (सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, यामध्ये १९७० च्या एकीकरणापासून दोन्ही पद्धती चालतात, म्हणून तिथल्या पाळकाशी बोलणं अशा घरांना कधी कधी सोपं जातं.)

सासूबाईंच्या घाईमागे पहिल्या बाळाची आठवण आहे, असं वाटतं. म्हणून हे माहीत असू द्या. जिवाला धोका असेल तर कॅथलिक शिकवणीप्रमाणे कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, नर्ससुद्धा, ती ख्रिस्ती नसली तरी. चर्च जे करतं ते करण्याचा हेतू हवा. साधं स्वच्छ पाणी डोक्यावर ओतायचं आणि त्याच वेळी म्हणायचं: "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते." पाणी एक-दोन चमचेही पुरतं, पण ते कातडीवरून वाहायला हवं, नुसतं ओलं बोट टेकवलं की पुढे शंका राहते. काचेच्या पेटीतल्या बाळासाठी आधी डॉक्टरांना विचारा, कोमट निर्जंतुक पाणी घ्या आणि लगेच टिपून काढा, अंग गार पडू देऊ नका. "मी"च्या जागी "आम्ही" म्हणू नका. तसं म्हटलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असं व्हॅटिकनने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. तारीख, वेळ आणि साक्षीदाराचं नाव लिहून चर्चच्या नोंदवहीत घालायला द्या. बाळ सुखरूप घरी आलं तर उरलेला विधी चर्चमध्ये होतो, पाणी पुन्हा घालत नाहीत.

पहिल्या बाळाच्या वेळी हे कोणी केलं नाही म्हणून कोणाला दोष देऊ नका, स्वतःलाही नाही. त्याला नाव दिलं नसेल तर आता द्या. या बाळाच्या बाप्तिस्म्याच्या किंवा समर्पणाच्या आठवडाभर आधी ते नाव कागदावर लिहून फादरांकडे किंवा पाळकांकडे द्या, आणि त्या दिवशीच्या प्रार्थनेत घ्यायला सांगा.